जास्तीचे दोन गोटे

कापूस फुटला की आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. अंगणवाडीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना महिनाभर नुसतं हिरवं दिसत असतं, आणि एक दिवस त्यात पांढरे ठिपके दिसायला लागतात. मग दुकानात, नळावर, एसटीच्या थांब्यावर तोच एक विषय. तुमचा फुटला का? आमचा खालच्या अंगाचा फुटला, वरचा राह्यला. घाटंजीच्या बाजारात वेचणीच्या बायांची बोलणी सुरू होतात. शहरातले पाहुणे गाडी थांबवून फोटो काढतात आणि पांढरं सोनं म्हणतात. म्हणोत बापडे. बोंडाची वाळकी टोकं बोटांत कशी घुसतात ते एक दुपारभर वेचून पाहावं त्यांनी, आणि मग काय म्हणायचं ते म्हणावं.

याच दिवसांत माझ्या फोनवर एक मेसेज येतो. नागपूरच्या एका दवाखान्याचा. आपले गोठवलेले गर्भ आणखी एक वर्ष ठेवायचे आहेत काय, पती-पत्नी दोघांच्या सहीचा फॉर्म पाठवावा. आठ वर्षांपूर्वी ते गोठवले ते कापूस फुटायच्या दिवसांत, म्हणून मेसेजही तेव्हाच येतो. तेव्हा चार होते. आता दोन आहेत. या वर्षी फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत होती आणि बुधवारी आमच्या शेतात सीतादई होती.

सीतादई म्हणजे पहिल्या वेचणीआधीची पूजा. शेतातली एक चांगली लागलेली पऱ्हाटी पाहायची, म्हणजे कपाशीचं झाड. तिच्या बुडाशी जागा सारवायची, नाल्यातले पाच गोटे धुऊन मांडायचे, हळद-कुंकू लावायचं आणि दहीभात ठेवायचा. मग घरच्या बाईनं पहिलं बोंड वेचायचं. दुसऱ्या घरी थोडं वेगळं करत असतील, आमच्या घरी असं. आमच्या घरी गेली आठ वर्षं पाचावर काही गोटे जास्तीचे असतात. का, ते सांगायला मला त्या सालापासून सुरुवात करावी लागेल.

त्या साली मी तेहतीस वर्षांची होते आणि लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मी अंगणवाडीसेविका. गावातली सगळी लेकरं मी वजन करून पाहिलेली. लेकरू काट्याच्या झोळीत टाकायचं, ते पाय झाडतं, रडतं, आकडा स्थिर व्हायची वाट पाहायची. झोळी रिकामी झाली की त्याची आई हमखास विचारणार, "बाई, तुमचं काहून नाही काही?" चेहऱ्यावर इतका कळवळा की चिडताही येत नाही. मी चिडायचे तरीही. घरी येऊन भांड्यांवर राग काढायचे.

माझा नवरा प्रमोद गावच्या गुरांच्या दवाखान्यात आहे. (लिहिताना नाव घेते. बोलताना अजून 'जुईचे बाबा'च.) गाई-म्हशींना भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, काम त्याच्याकडे. एका ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये नायट्रोजन असतो, त्यात वळूच्या वीर्याच्या बारीक कांड्या गोठवून ठेवलेल्या असतात. गाय माजावर आली की कोणीतरी धावत येतं आणि हा एक कांडी बाहेर काढून घेऊन जातो. तालुक्यात त्याच्या हाताला यश आहे म्हणतात. ही गोष्ट गावात बाया किती चवीनं बोलत असतील याची कल्पना करा. डाक्टर साऱ्या तालुक्याच्या गाई गाभण करते, अन् घरी...! मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. जाऊ द्या.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं लिहून दिली, रोज पोटात घ्यायची, आणि ती थंड ठेवायची. आमच्या घरी तेव्हा फ्रीज नव्हता. मग ती गुरांच्या दवाखान्यात, लाळ्या-खुरकुताच्या लसींच्या शेजारी राहिली. संध्याकाळी प्रमोद एक-एक घेऊन यायचा आणि मलाही तोच टोचायचा. पहिल्या दिवशी त्यानं पोटाला स्पिरिट लावलं आणि सवयीनं "हो... हो... उभी राह्य" म्हणाला. मी त्याला असं काही ऐकवलं की बिचारा दोन दिवस मुक्यानं टोचत होता. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "बोला काही तरी, मले भेव वाटून राह्यलं." आम्ही दोघंही हसलो. त्या सालातलं ते हसू मला अजून जसंच्या तसं आठवतं.

शेतात कापूस फुटत होता आणि मी घरात पडून होते, कारण पोट फुगून टम्म झालं होतं. शेवटी नागपूरला नेलं, भूल दिली, बीजं काढली. पाच दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. चार गोल. भिजलेल्या साबुदाण्यासारखे. त्या म्हणाल्या, तुमची तब्येत बरोबर नाही, इतक्यात आत सोडायचे नाहीत, गोठवून ठेवू. प्रमोदनं लगेच विचारलं, "नायट्रोजनमधी?" त्या बाई चकित झाल्या. आणि माझा नवरा, जो दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दर वेळी घामानं भिजायचा, तो एकदम सैल झाला. त्याला कळणारी वस्तू होती ना ती.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगायचं कसं हा प्रश्न होता. मी त्यांना आई म्हणते. प्रमोद त्यांना सरळ आपल्या दवाखान्यात घेऊन गेला आणि कॅनची बुची उघडली. पांढरा धूर वर आला, कडांवरून खाली सांडला. आईंनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"असेच हायेत नागपूरले. चार," प्रमोद म्हणाला.

आईंनी वाकून आत पाहिलं. "बापा! थंडी नाही वाजत त्याईले?"

"थंडी वाजाले जागं असा लागते. झोपले हायेत ते."

चार दिवसांनी सीतादई होती. मी बांधावर बसून पाहत होते. आईंनी पाच गोटे मांडले, आणि मग ओच्यातून आणखी चार काढले, लहान, गुळगुळीत, बोराएवढे. पाचांच्या बाजूला एका ओळीत ठेवले. त्यांनाही हळद-कुंकू लागलं. त्यांच्यासमोरही दहीभाताची चिमूट-चिमूट पडली. मी विचारलं हे कोण, तर म्हणाल्या, "घरचेच हायेत नं? मंग? आता बाहेर हायेत म्हून काय मोजाचे नाही का?"

मला तेव्हा ते फार आवडलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूला काही तरी मांडलं गेलं होतं. पुढं त्याच गोट्यांची मला भीती वाटेल हे तेव्हा कसं कळावं?

थंडी सरता सरता त्यातला एक आत सोडला. तो राहिला नाही. रिपोर्टचा फोन प्रमोदला दवाखान्यात आला. तेव्हा तो एक कांडी काढत होता. तसाच सायकल घेऊन घरी आला, आणि मग आम्ही दोघं आठ दिवस माझ्या माहेरी, नेरला, जाऊन राहिलो. परत आला तेव्हा कॅन कोरडा होता. बुची लावायची राहून गेली होती. सगळा नायट्रोजन उडून गेला होता.

मी म्हटलं, दाखवा. त्यानं एक कांडी माझ्या हातावर ठेवली. मी उलटीसुलटी करून पाहिली. काही झालेलं दिसत नव्हतं.

"चांगली हाये की."

"तेच तं," तो म्हणाला. "मेलेली अन् जिती सारखीच दिसते. बाहेरून काही समजत नाही."

त्यानंतर त्याच्या डोक्यानं जे घेतलं ते घेतलंच. नागपूरचा कॅन कोण पाहतो? बुची कोण लावतो? तिथल्या माणसाला असाच फोन आला तर? रोज फोन करायचा, नायट्रोजन भरला का. तिकडच्या मुली कंटाळल्या. मग एक दिवस हा माणूस आपली काळी पट्टी पिशवीत घालून नागपूरच्या बसमध्ये बसला. ही पट्टी कॅनमध्ये बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथपर्यंत पांढरं धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. गुरांच्या दवाखान्याची पट्टी! मी सोबत होते, लाजेनं मरत होते. तिथल्या प्रयोगशाळेच्या बाई आधी हसल्या. मग त्याच्या तोंडाकडे पाहून हसायच्या थांबल्या. तुमची पट्टी चालणार नाही म्हणाल्या, पण स्वतःची आणली, काचेपलीकडे आमच्यासमोर बुडवली आणि वर धरली. हातभर पांढरं. प्रमोद म्हणाला, "व्हय. भरपूर हाये." येताना बसमध्ये तो यवतमाळ येईपर्यंत झोपला होता.

पुढच्या सीतादईला आईंनी तीन लहान गोटे मांडले. त्यानंतरच्या थंडीत दुसरा आत सोडला, तो राहिला, आणि गणपतीच्या दिवसांत यवतमाळला जुई झाली.

जुई झाली आणि माझं रक्त थांबेना. मला त्यातलं काही आठवत नाही, छताचा पंखा तेवढा आठवतो. शुद्धीवर आले तेव्हा पिशवी काढून टाकलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, दुसरा इलाज नव्हता, जीव वाचला. वाचला, खरं आहे. प्रमोद रक्ताच्या बाटल्या आणायला गेला होता, त्याला आल्यावर कळलं. मला कळलं तेव्हा जुई माझ्या अंगावर होती आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो नागपूरच्या दोघांचा. आता ते कुठं जाणार?

आईंना आम्ही सांगितलं नाही. टाके जास्त पडले, एवढंच सांगितलं. त्या इतक्या खुश होत्या! साऱ्या गल्लीत डिंक-मेथीचे लाडू वाटत होत्या. म्हटलं, बारसं होऊ द्या. मग म्हटलं, दिवाळी होऊ द्या. त्या साली मी घरात बाळंतीण होते, सीतादईला आई एकट्याच गेल्या. आल्या आणि जुईच्या पायाला शेतातली माती लावून म्हणाल्या, "आता दोनच मांडले." मी मान हलवली. तिथं बोलायला पाहिजे होतं. तिथं नाही बोलले आणि मग ती गोष्ट दर वर्षी जास्त जड होत गेली. एखादी गोष्ट वेळेवर न सांगितल्यावर माणूस खोटारडा कधी होतो? पहिल्या दिवशी? सहाव्या वर्षी? मला माहीत नाही. मी झाले होते एवढं खरं.

आणि दर वर्षी मी फॉर्मवर पहिल्या चौकटीत खूण करत गेले. आणखी एक वर्ष ठेवा. कशासाठी? कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ते वाढणार नाहीत. ते माझ्यात येऊ शकत नाहीत. दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवायचं तर त्यासाठी लागणारी ताकद आणि हिंमत आमच्यात नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. तरी काट्याच्या झोळीत दुसऱ्याचं लेकरू पाय झाडायला लागलं की मला ते आठवतात. त्यांना वजन नाही. ते आठ वर्षांचे आहेत की पाच दिवसांचे? जुईची भावंडं आहेत की साबुदाण्याएवढं काही तरी? मी बुद्धीनं विचार करते तेव्हा एक उत्तर येतं, जुईचे केस विंचरताना दुसरं येतं. एकच दिवस, एकच ताटली, डॉक्टरीणबाईंनी चारातला हा उचलला म्हणून ही आहे. तो उचलला असता तर हीच तिथं थंड पडलेली असती आणि मी हिच्यासाठी चौकटीत खूण करत असते. हा विचार आला की माझा हात थांबतो, वेणी अर्धी राहते, आणि जुई ओरडते, "मम्मी, ओढू नोको नं!"

या वर्षी प्रमोद म्हणाला, पुरे. रागानं नाही म्हणाला. फॉर्मवर सही केली आणि चौकटी रिकाम्या सोडल्या. तीन चौकटी आहेत. ठेवा. शिक्षणासाठी द्या. नष्ट करा. मी म्हटलं, "शिकणाऱ्याले देऊन टाकू. कोणाच्या कामी पडतीन." तो म्हणाला, "मीबी कापलेल्या गाईच्या पिशवीवरच शिकलो. काम हाये ते, चांगलं हाये. पण मले ते शिकाऊ हात माहीत हायेत. पाह्य तू. खूण तू कर." नष्ट करा, हा शब्द मला सहन होत नव्हता. मुदत संपलेल्या आहाराच्या पाकिटांसाठी अंगणवाडीच्या वहीत हाच शब्द असतो. मी विचारलं, नष्ट म्हणजे काय करतात? तो म्हणाला, "काही नाही करत. बाहेर काढून टेबलावर ठेवतात. बस."

फॉर्म माझ्या पर्समध्ये तीन दिवस होता. बुधवारी सीतादईला जाताना मी ठरवलं, आज आईंना सांगायचं, मग खूण करायची. जुईची शाळा बुडवली होती. ती पुढं पळत होती, आई दहीभाताचा डबा घेऊन मधे, मी मागं. शेतात ऊन चांगलं चढलेलं. आईंनी सगळ्यात लागलेली पऱ्हाटी निवडली, बुडाशी सारवलं, पाच गोटे मांडले. मग ओच्यातून ते दोन काढले. आठ वर्षं तेच गोटे. देवाच्या डब्यात असतात एरवी.

जुई उकिडवी बसून बोट दाखवत म्हणाली, "आजी, हे लहानवाले कोन आहेत?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जुई, नाल्यावरून पाणी आण बरं गडूभर." ती गेली. सहा वर्षं मनात घोकलेलं वाक्य ऐन वेळी सापडेना. मी म्हटलं, "आई, हे दोन... यांचं आता काही होत नाही. माही पिशवी काढली हाये. जुईच्या वक्ती. तुमाले सांगतलं नाही आम्ही."

आई कुंकवाचं बोट पुसत राहिल्या.

"मले ठाऊक हाये," त्या म्हणाल्या.

"कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? परमोद रगत आनाले गेलता. बाहेर मी एकटीच होती. बाई कागद घेऊन आली. म्हने, पिशवी काढा लागते, नाही तं सून वाचत नाही, घरचं कोन हाये? मी अंगठा देल्ला. परमोदलेबी सांगतलं नाही."

मला आधी रागच आला. अस्सा राग आला की समोरचा डबा फेकावा वाटला. सहा वर्षं! सहा वर्षं मी या बाईच्या पुढ्यात मान खाली घालून दहीभात वाढला, आणि ही सगळं जाणून गोटे मांडत होती?

"मंग काहून मांडत व्हत्या?" मी जवळजवळ ओरडलेच. "दर साली कायले मांडत व्हत्या हे?"

"तू दर साली कागद भरून राह्यली व्हती," आई म्हणाल्या. "तुह्यानं सोडवत नव्हतं. मंग मी कशी उचलू?" मग म्हणाल्या, "अन् मले वाटे, अंगठा माहा हाये. तुले इचारता आलं नाही तवा. तू बेसुद होती. त्या अंगठ्याचं म्या कोनाजवळ बोलाचं? पोरगी वाचली, नात वाचली, म्हनून हसत होती. हे दोघं तेवढे माह्यावर राह्यले."

मी खाली बसले, मातीत. रडले की नाही आठवत नाही, रडलेच असेन, कारण आईंनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि पदराला हळद होती. एकाच घरात, एकाच चुलीपाशी आम्ही दोघी सहा वर्षं एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो. ती मला वाचवत होती, मी तिला. आणि दोघींमधे ते दोन गोटे दर वर्षी दहीभात खात होते.

"कागद हाये का जवळ?" आईंनी विचारलं.

मी पर्समधून काढला. डब्याचं झाकण मांडीवर ठेवून त्यावर पसरला. प्रमोदची सही होतीच.

"तुमी सांगा काय करू."

"नाही बाई," आई म्हणाल्या. "एकदा म्या तुह्या जागी अंगठा देल्ला. दुसऱ्यांदा नाही. हे तुही तू कर. ठेवाचं असन तं ठेव, मी हाये तोवर मांडत जाईन."

त्यांनी पुढच्या सालाचीही तयारी दाखवली, आणि तेव्हाच मला कळलं की आता मला ठेवायचे नाहीत. मी तिसऱ्या चौकटीत, 'नष्ट करा'पुढं, खूण केली. अंगणवाडीचं निळं पेन होतं. झाकण वाकडं होतं, खूण थोडी बाहेर गेली. खाली सही केली. नाल्याकडून जुई गडू सांभाळत येत होती, अर्धं पाणी सांडत.

कागद घडी करून ठेवला आणि मी ते दोन गोटे उचलायला हात पुढं केला. ते नाल्यातले, नाल्यात सोडायचे असं मनाशी ठरवलं होतं. आईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. जेवू दे त्याईले आंधी. उपाशी कायले धाडतं?"

मी डबा पुढं ओढला. पाचांपुढं आईंनी दहीभात ठेवला, दोघांपुढं मी. आधी चिमूट घेतली, मग चिमटीतलं परत टाकून चांगला घास घेतला, दोघांना एक-एक. ठेवताना बोट लागलं. गोटे उन्हानं तापून गरम झाले होते.